मामाच्या आंब्याची वेबसाइट केली, फोन एकही नाही. नक्की शिकायचं काय राहिलं?

अर्धा_डेव्हलपर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून लिहितोय.

मी कणकवलीचा. बीएस्सी झालं, मग पुण्यात सहा महिन्यांचा फुल स्टॅकचा क्लास केला (नाव विचारू नका, फी पस्तीस हजार गेली एवढंच लक्षात ठेवलंय), तिथे रिॲक्ट, नोड, मोंगो सगळं पळत पळत शिकवलं आणि शेवटचा प्रोजेक्ट म्हणजे एका शॉपिंग साइटची नक्कल, जी वर्गातल्या चाळीस जणांनी चाळीस वेळा केली. नोकरी काही लागली नाही. मग म्हटलं आपल्याकडे छोटे धंदेवाले एवढे पडलेत, त्यांच्याच वेबसाइट करून देऊ.

पहिलं गिऱ्हाईक घरातलंच, मामा. मामाची देवगडला हापूसची कलमं आहेत, माल आजवर वाशीला दलालाकडे जातो आणि पट्टी (विक्रीचा हिशेब) हातात आली की मामा दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही. म्हणून थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकायचं ठरलं. मी वर्डप्रेसवर साइट केली, मित्राने पेनड्राइव्हवर एक प्रो थीम (साइटचा तयार साचा) दिली होती ती टाकली, वर पाच फोटोंचा स्लायडर, उघडताना गोल फिरणारा आंबा, खाली आकडे पळत वाढतात ते काउंटर, ‘१०००+ समाधानी ग्राहक’ वगैरे (मामाचे समाधानी ग्राहक मोजले तर अख्खी वाडी धरून साठ होतील). दिसायला एकदम भारी झाली, मित्रांनी स्टेटसला टाकली.

संक्रांतीला लाइव्ह केली, आता शिमगा तोंडावर आला. फोन आले तीन. दोघे म्हणाले ‘सर आपकी वेबसाइट को गूगल के पहले पेज पर लाएंगे’ आणि तिसऱ्याने विचारलं लोन पाहिजे का. मामाने परवा चष्मा लावून साइट पूर्ण खालपर्यंत बघितली आणि एवढंच म्हणाला, ‘ह्या सगळा ठीक आसा रे, पण भाव खंय लिवलंस?’

तर प्रश्न असा की माझं काय चुकतंय? एसईओचा (गूगलच्या शोधात साइट वर आणायचं तंत्र) वेगळा कोर्स करू का? की सगळं परत रिॲक्टमध्ये करू? तारकर्लीकडचे एक होमस्टेवाले आणि माझी मावशी (जेवणाच्या ऑर्डरी घेते) दोघं साइट करून दे म्हणून मागे लागलेत आणि मला आता हात लावायचीच भीती वाटायला लागलीय. पैसे किती घ्यायचे तेही कळत नाही.

---

टपरीवरचा_कोडर

भावा लिंक पाठवलीस ती उघडली. लॅपटॉपवर नाही, मुद्दाम फोनवर, तेही एसटीत बसून, कारण तुझं गिऱ्हाईक असंच बघणार आहे. आंबा नऊ सेकंद फिरला, मी मोजले. मग स्लायडर आला, ‘वेलकम टू अवर वेबसाइट’, आणि मागे जो फोटो आहे तो हापूस नाही रे बाबा!! लांबट, खाली चोच, तो तोतापुरी आहे. इंटरनेटवरून उचललेला दिसतोय. देवगडच्या आंब्याला देवगडचा भाव मोजणारा माणूस हे अर्ध्या सेकंदात ओळखतो आणि साइट बंद करतो. मामाचा भावाचा प्रश्न बरोबरच आहे पण त्याच्याही आधी मामाने तोतापुरी बघून शिवी कशी घातली नाही याचं मला नवल वाटतंय.

पुढे, फोन नंबर सगळ्यात खाली, आणि तो फोटोच्या आत लिहिलेला, म्हणजे बोट लावलं तरी फोन लागत नाही, नंबर पाठ करून डायल करायचा. भावाच्या जागी ‘कॉल फॉर प्राइस’. कुठे पाठवता, कधी पाठवता, काही नाही. ‘आमच्याबद्दल’मध्ये क्वालिटी, ट्रस्ट, कमिटमेंट असे तीन गोल. हे तीन गोल मी टाइल्सच्या दुकानाच्या साइटवर पण बघितलेत आणि दातांच्या डॉक्टरच्या पण.

आता माझा किस्सा ऐक, मी पण हेच करून ठेवलेलं. साताऱ्याकडे एक मसालेवाले आहेत, उन्हाळ्यात डंकावर मसाला कुटून देतात. त्यांची पहिली साइट मी तुझ्यासारखीच केली, मालक काही बोलले नाहीत, पैसे दिले, आणि वर्षभराने कळलं की ते साइटचा पत्ता कार्डावर सुद्धा छापत नाहीत. मला लागलं ते. मग एप्रिलमध्ये एक दिवस त्यांच्या गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसलो, वही घेऊन. सकाळच्या दोन तासांत सतरा फोन. मिरची तुमची की आम्ही आणायची? बेडगी किती आणि लवंगी किती घालता? किलोला कुटायचे किती? आज टाकलं तर कधी मिळेल? खोबरं भाजून आणायचं का? मुलाला परदेशात पाठवायचाय, पॅकिंग करून देता का? सतरा फोनमध्ये प्रश्न फक्त सहा होते आणि त्यातल्या एकाचंही उत्तर माझ्या त्या भारी साइटवर नव्हतं. घरी येऊन सगळं पुसलं आणि त्या सहा प्रश्नांची उत्तरं मालक ज्या शब्दांत देतात त्याच शब्दांत लिहिली. एक पान. वर दुकानाचा खरा फोटो, भावाचा तक्ता, फोन, व्हॉट्सॲप. बास. ती साइट अजून चालू आहे आणि आता मालक फोनवर सांगतात, ‘साइटवर बघा, सगळं लिहिलंय.’

तर तू आधी मामाचा फोन घे. गेल्या सीझनचं व्हॉट्सॲप उघड, गिऱ्हाइकांनी काय काय विचारलंय ते वहीत उतरव. मी आत्ताच सांगतो काय निघेल: डझनाचा भाव, एका आंब्याचं वजन, कार्बाइड तर नाही ना (कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे तरी लोकांच्या मनातली भीती जात नाही), कर्नाटकचा तर नाही ना, पिकलेला येतो की कच्चा, खराब निघाला तर काय. ही तुझी साइट. बाकी सगळं नक्षीकाम.

व्हॉट्सॲपचं बटण असं कर, लिंक डब्ल्यूए डॉट एमई स्लॅश आणि पुढे ९१ लावून नंबर, अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, आणि टेक्स्टमध्ये आधीच मजकूर भरून ठेव, ‘मला __ डझन हापूस हवा, पिनकोड __’. माणसाला फक्त आकडे टाकायचे उरतात. आणि हो, पैशांसाठी क्यूआर कोड टाकलायस तो बघितला, पण ज्या फोनवर साइट उघडलीय त्याच फोनने त्याच फोनच्या स्क्रीनवरचा कोड कसा स्कॅन करणार रे?? यूपीआय आयडी लिही आणि बाजूला कॉपीचं बटण दे.

रिॲक्टचं नाव काढू नकोस. पाच पानांच्या साइटला साधं एचटीएमएल आणि सीएसएस चालतं, ते पक्कं कर. एमडीएनवर वाच, फ्रीकोडकॅम्पवर हात चालव, दोन्ही शिकायच्या साइट आहेत आणि फुकट आहेत, तुझ्या पस्तीस हजारांबद्दल मी काही बोलत नाही.

---

तारकर्लीची_आते

मी धंदेवाली आहे, कोडिंगवाली नाही, पण तारकर्लीचं नाव निघालं म्हणून बोलते. माझ्या पाच खोल्या आहेत. मला विचाराल तर होमस्टेला वेबसाइट लागतच नाही, गूगल मॅपवर नाव, खरे फोटो, आणि कुणी रिव्ह्यू लिहिला की त्याला उत्तर, एवढ्यावर माझा मे महिना फुल जातो. माणूस मालवणात पोचून ‘होमस्टे निअर मी’ टाकतो तेव्हा त्याला मॅप दिसतो, तुमची साइट नाही.

एका मुलाने साइट करून दिली होती मला, बारा हजार घेतले. मराठी पण पाहिजे म्हटलं तर त्याने भाषांतराचं काहीतरी मशीन लावलं. ‘बुक नाऊ’ च्या बटणावर लिहून आलं ‘आता पुस्तक’. आणि ‘होम’ ला ‘घर’. पाहुणे फोन करून विचारायचे आते पुस्तक कसलं देता. सहा महिने तसंच होतं कारण तो मुलगा फोन उचलेना.

त्याच्याआधी गूगलचीच ती फुकटची साइट होती बिझनेस प्रोफाइलमधून बनायची, ती बरी होती, पण २०२४ च्या मार्चमध्ये गूगलने ती सोयच बंद केली, आणि माझ्या कार्डांवर तोच पत्ता छापलेला. पाचशे कार्डं. अजून कपाटात आहेत, मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहिते.

---

टपरीवरचा_कोडर

आते मॅपचं शंभर टक्के मान्य, मी पण कुणालाही आधी बिझनेस प्रोफाइलच करायला लावतो, फुकट आहे आणि साइटच्या आधी तेच पाहिजे. पण तुमचंच उदाहरण घ्या ना, फुकटची जागा दुसऱ्याची असते, त्याने उठ म्हटलं की उठायचं. इन्स्टाचं पण तेच. आणि आंब्याचं गिऱ्हाईक देवगडात फिरत नसतं, ते कोथरूडला सोफ्यावर बसून ठरवतं, त्याला वाचायला काहीतरी लागतं. ‘आता पुस्तक’ मात्र मी वहीत लिहून ठेवलंय 😂

---

वेलांटी

मी डिझाइन करते, मुख्यतः मराठी साइट्सचं, त्यामुळे माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे, अर्ध्या_डेव्हलपरने राग मानू नये.

तुझ्या साइटवरचं मराठी मी मोठं करून बघितलं. इंग्रजी थीममध्ये मथळ्यांना लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं, म्हणजे अक्षरं जरा लांब लांब ठेवायची, इंग्रजीत ते छान दिसतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. ‘देवगड हापूस’ असं लिहिलंय ते दे व ग ड असं वाळत घातलेल्या कपड्यांसारखं दिसतंय. ते शून्य कर, पहिलं काम. दुसरं लाइन-हाइट, इंग्रजीला पुरणारी जागा आपल्याला पुरत नाही, वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, तुझ्या बटणावरच्या ‘ऑर्डर’ चा रफार वरच्या कडेला कापला गेलाय. मी दीडच्या खाली जातच नाही, बहुतेक वेळा १.६ किंवा १.७ ठेवते. तिसरं, तिरकी अक्षरं नको, बहुतेक देवनागरी फॉन्टला खरी तिरकी नसतात, ब्राउझर नुसती ढकलून वाकडी करतो.

आणि पानाच्या अगदी वर एचटीएमएलच्या टॅगमध्ये लँग म्हणजे भाषा लिहायची असते, तिथे तुझ्याकडे ‘इएन’ आहे, मराठीसाठी ‘एमआर’ कर. याने दोन गोष्टी होतात. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी म्हणून वाचतं, आणि आपला मराठी वळणाचा ल आणि श असतो ना, हिंदीपेक्षा वेगळा, तो फॉन्टमध्ये असेल तर ब्राउझर आपणहून तोच उचलतो. बघ एकदा करून, ‘कलम’ शब्द एकदम आपला दिसायला लागतो. फॉन्टसाठी पैसे लागत नाहीत, मुक्ता आणि बलू हे दोन्ही मुंबईच्या एक टाइपने केलेले, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. मजकुराला मुक्ता, मथळ्याला बलू, आंब्याला शोभेल. पण चार वजनं (जाड-बारीक प्रकार) लोड करू नकोस, दोन पुरे, फॉन्टच्या फाइलींनी पण साइट जड होते.

मजकूर मामा किंवा छापखानावाला श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, टाइप करून देईल, तो तसाच चिकटवलास की साइटवर नुसतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसेल. युनिकोडमध्ये बदलून घे आणि बदलल्यावर स्वतः वाच, जोडाक्षरं आणि ऱ्ह-ऱ्य हमखास बिघडतात.

भाषा कुठली ठेवायची हा खरा प्रश्न. माझा अनुभव असा की लोक शोधतात रोमनमध्ये आणि वाचतात मराठीत, म्हणून पानाचं शीर्षक आणि पत्ता दोन्हीकडे चालेल असा ठेव, मजकूर मराठी, आणि मुंबईतल्या अमराठी गिऱ्हाइकासाठी एक वेगळं इंग्रजी पान, माणसाने लिहिलेलं. डॉट भारतवालं देवनागरी डोमेन (साइटचा पत्ता) २०१४ पासून मिळतं, बघायला छान वाटतं, पण ईमेलला ते सगळीकडे चालत नाही आणि फोनवर पत्ता सांगताना समोरचा गोंधळतो, घ्यायचंच तर जोडीला घे, एकटं नको.

फोटोंबद्दल कोडर बोललेच आहेत. फक्त एवढं, मामाच्या आढीचा फोटो काढ. गवतात मांडलेले आंबे, काही हिरवे काही पिवळे, सकाळच्या उन्हात, जमलं तर मामाचा हात पण येऊ दे. फोन खाली आंब्यांच्या पातळीला धर, वरून नको. आणि अपलोड करायच्या आधी बारीक कर, तुझा एक फोटो तर सहा एमबीचा आहे, स्क्वूश नावाच्या फुकट साइटवर टाकून वेबपी या हलक्या प्रकारात केलास की दीडशे-दोनशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही.

---

रात्रपाळीवाला

सगळ्यांनी छान छान सांगितलं पण कुणी मूळच बघितलं नाही. मी पानाचा सोर्स उघडला. भावा तुझ्या साइटवर नोइंडेक्स लागलंय!! वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून पान आहे, तिथे शेवटी एक टिक असते की सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये. बनवताना तू ती लावली असशील आणि काढायला विसरलास. संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत तू गूगलला सांगतोयस की बाबा येऊ नकोस, आणि तो बिचारा येत नाहीये. टिक काढ, सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारी गूगलची फुकट सोय) साइट जोड, साइटमॅप म्हणजे पानांची यादी दे. शीर्षकात सुद्धा ‘होम – माय वर्डप्रेस साइट’ असंच आहे. एसईओचा कोर्स नंतर कर.

दुसरं जास्त गंभीर आहे. पेनड्राइव्हवरची प्रो थीम म्हणजे नल्ड थीम, कुणीतरी लायसन्स तोडून वाटलेली. त्यात मागचं दार ठेवलेलं असू शकतं. माझ्याकडे एक कापडवाले आले होते, साइट बघायला एकदम व्यवस्थित, पण गूगलवर त्यांचं नाव टाकलं की खाली सगळं जपानी लिहून यायचं, नकली ब्रँडच्या पर्सा आणि घड्याळं. मालकांना वाटलं गूगल बिघडलं. हजारो पानं तयार झाली होती त्यांच्या नावाखाली आणि ती फक्त गूगललाच दिसायची. साफ करायला माझ्या चार रात्री गेल्या. तू आजच ती थीम काढ, नुसती बंद नको, डिलीट, पासवर्ड सगळे बदल, आणि खरं सांगू का, पुसून नव्यानेच टाक. वर्डप्रेससोबत फुकटची जी डीफॉल्ट थीम येते ती पाच पानांना पुरून उरते.

आता तुझ्या मामाला मी एक प्रश्न विचारतो, डोमेन कुणाच्या नावावर आहे? तुझ्याच ईमेलवर घेतलं असशील. आज तू चांगला भाचा आहेस, उद्या बेंगलोरला नोकरी लागली, ईमेल बघायचं राहिलं, रिन्यूअल चुकलं, की सीझनच्या तोंडावर साइट गायब. अशाच एका केसमध्ये आधीच्या डेव्हलपरने दुकानदाराचं डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं आणि सोडायचे पैसे मागत होता, दुकानदाराने शेवटी दुसरं नाव घेतलं आणि गाडीवरचा रंग पुसून नवा पत्ता लिहिला. तेव्हा डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) दोन्ही गिऱ्हाइकाच्या ईमेलवर, गिऱ्हाइकाच्या पैशाने, पहिल्या दिवसापासून. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलायचं नाही, रिन्यूअलचा भाव खाली बारीक अक्षरात असतो, तो आधीच मामाला सांगून ठेवायचा म्हणजे नंतर भाच्याने फसवलं असं होत नाही.

एसएसएलचे (पत्त्याशेजारी कुलूप येतं ते सर्टिफिकेट) वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नकोस, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट असतं. बॅकअप होस्टिंगवर ठेवून उपयोग नाही, घर जळालं तर तिजोरीही त्यातच. आणि तुझा तो कॉन्टॅक्ट फॉर्म मी भरून बघितला, मेल मिळाला का? नसणार. साध्या पीएचपी मेलने पाठवलेले फॉर्म स्पॅममध्ये जातात नाहीतर कुठेच जात नाहीत, एसएमटीपी लाव (म्हणजे मेल खऱ्या मेल खात्यातून जातो) किंवा फॉर्मच काढून टाक.

पैशाचं म्हणशील तर पहिल्या दोन-तीन साइटना मी पाच-सहा हजारच घेतले होते, आता पाच पानांचे पंधरा घेतो. पण वर्षाची देखभाल वेगळी धर, लिहून दे त्यात काय येतं. भाव बदलणं येतं, नवीन पान येत नाही. नाहीतर आतेंची साइट करणाऱ्या त्या मुलासारखं होतं, तो चोर नसेलही, फुकट फोन उचलून कंटाळला असेल.

---

तारकर्लीची_आते

बारा हजार घेतले होते रे त्याने, फुकट कसलं.

---

अर्धा_डेव्हलपर

मंडळी पाडवा झाला, पहिली तोड पण झाली, म्हणून आलो. नोइंडेक्सची टिक खरंच लागलेली होती, ते वाचून मी अर्धा तास नुसता बसून होतो. फॉर्मचे अकरा मेल स्पॅममध्ये सापडले, त्यातले नऊ लोनवालेच पण दोन खरे होते, एक ठाण्याच्या बाईंचा, त्यांना फोन करून माफी मागितली.

मामाचा फोन घेऊन तीन दिवस बसलो. कोडरदादा तुम्ही सांगितलेले सगळे प्रश्न निघाले आणि एक जास्तीचा निघाला जो तुमच्या डोक्यात आला नसेल: ‘आतून पांढरा, रबरासारखा निघाला, तुम्ही फसवलंत’. तो साका. हापूसला होतो, बाहेरून कितीही बघा कळत नाही, मामाला पण कापल्याशिवाय कळत नाही. मामा दरवर्षी हे फोनवर समजावून थकतो. तर आता साइटवर त्याचंच एक पान आहे, साका म्हणजे काय, कापलेल्या साक्याच्या आंब्याचा फोटो, आणि खाली मामाच्या शब्दांत, डझनात एखादा निघाला तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत जास्तीचा टाकतो. मला वाटलं वाईट गोष्ट कशाला लिहायची, घाबरून घेणारच नाहीत, पण सर्च कन्सोलमध्ये बघतोय तर बऱ्यापैकी लोक त्याच पानावरून आत येतायत.

नल्ड थीम गेली, स्लायडर गेला, फिरणारा आंबा गेला. पहिलं पान १४ एमबी होतं ते आता ७०० केबी आहे, क्रोममध्ये नेट मुद्दाम हळू करून बघितलं तरी अडीच सेकंदाच्या आत मुख्य फोटो येतो. वर मामाच्या आढीचा फोटो, हात आलाय वेलांटीताई. लेटर-स्पेसिंग काढलं तेव्हा कळलं की इतके दिवस डोळ्याला काहीतरी खुपत होतं ते हेच. डोमेन मामाच्या ईमेलवर नेलं, म्हणजे आधी मामाचं ईमेल काढलं.

जीआयचा (भौगोलिक मानांकन) लोगो लावणार होतो (हापूसला २०१८ मध्ये मिळालाय ना), पण कळलं की त्यासाठी मामाची स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, नुसतं देवगडात कलमं असून चालत नाही. अर्ज करायचा ठरवलाय, तोवर लोगो नाही. मामी आंबापोळी पण टाक म्हणत होती साइटवर, ते पण थांबवलं, त्याला एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) चौदा आकडी नंबर लागतो.

अनोळखी लोकांच्या एकवीस पेट्या गेल्या आत्तापर्यंत. दलालाकडे अजून बराच माल जातोय, पण मामाने एक दिवस जेवताना सहज विचारलं, ‘तां तुझा साइट किती लोक बघतत?’ म्हणजे आता ती माझी साइट झालीय.

मावशीचं पण केलं, एकच पान, ताटाचा भाव, कमीत कमी किती माणसं, किती दिवस आधी सांगायचं. ते एका रविवारात झालं.

आता नवीन अडचण. आंबा संपला की साइटवर लगेच ‘बुकिंग बंद’ दिसलं पाहिजे आणि भाव तर तोडीगणिक बदलतो. मामाला वर्डप्रेसमध्ये शिरायला लावणं शक्य नाही. काय करू?

---

टपरीवरचा_कोडर

साक्याचं पान एक नंबर, हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवता आलं नसतं.

भावाचं सोपं आहे. एक गूगल शीट कर, त्यात तीनच ओळी, लहान, मध्यम, मोठा, समोर भाव, आणि वर एका खान्यात ‘चालू’ किंवा ‘संपला’. शीट वेबवर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी माहिती) म्हणून पब्लिश करता येते, तुझ्या पानावर दहा-पंधरा ओळींची जावास्क्रिप्ट लिहून ती वाचायची आणि तक्त्यात भरायची. ‘संपला’ असेल तर व्हॉट्सॲपचं बटण लपवून पुढच्या वर्षासाठी नाव नोंदवा असं दाखवायचं. पब्लिश केलेल्या शीटला बदल दिसायला काही मिनिटं लागतात, मामाला आधीच सांग नाहीतर लगेच फोन येईल. आणि शीट वाचताच आली नाही तर पान रिकामं दिसू देऊ नकोस, तिथे ‘आजचा भाव फोनवर विचारा’ असं राहू दे. शीटची शॉर्टकट मामाच्या फोनच्या पहिल्या स्क्रीनवर ठेव, नाव ‘भाव’.

---

अर्धा_डेव्हलपर

केलं. शीट मस्त चालते, शॉर्टकट पण ठेवली, नाव ‘भाव’, अक्षरं मोठी करून दिली, दोनदा शिकवलं, मामीला पण शिकवलं.

आता मिरग जवळ आला. काल मामाचा फोन आला, आंबा संपलो, ता ‘संपला’ करून टाक. मी म्हटलं मामा तुझ्याच फोनवर आहे, ‘भाव’ दाब आणि बदल. तर म्हणाला, ‘दाबलंय. तुका फोन करूक सोपा पडता.’